स्पेसबारवर तोललेली स्लाइड

घरच्या लॅपटॉपवर स्लाइड नवरीसारखी सजलेली असते. सभागृहातल्या संगणकावर तीच उघडली की मथळा दोन ओळींत मोडतो, तक्ता खाली घसरतो आणि मराठीच्या जागी रोमन अक्षरांची भेळ अवतरते. पाच जण माउसभोवती जमतात. एकाचं निदान ठरलेलं: ‘व्हायरस!’

व्हायरस बिचारा निर्दोष असतो. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर म्हणजे रोमन संकेतांवर चढवलेला मराठी मुखवटा. फॉन्ट नसला की तो गळून पडतो. युनिकोड मजकूर वाचता तरी येतो, पण बदली फॉन्टची रुंदी वेगळी, म्हणून ओळी मोडतात. त्यात पॉवरपॉइंटने २०१३च्या आवृत्तीत नव्या स्लाइडचं माप ४:३ऐवजी १६:९ केलं. अशी रुंद स्लाइड ४:३मध्ये कोंबताना ‘मॅक्सिमाइज’ निवडलं, तर फोटोतले कडेचे साहेब चौकटीबाहेर जाऊ शकतात. (काही कार्यालयांत हा बिघाड समजला जात नाही.)

खरी कारागिरी वेगळीच. मथळा मध्यावर आणायला स्पेसबार अठरा वेळा दाबायचा, चाळीस स्लाइडवर बोधचिन्ह हातानं चिकटवायचं. सगळ्या स्लाइडचा साचा असलेल्या ‘स्लाइड मास्टर’मध्ये ते एकदाच ठेवता येतं, हे सांगणाऱ्याकडे सगळे संशयानं पाहतात.

फाइल जतन करताना फॉन्ट सोबत बांधण्याची खूणचौकट ‘सेव्ह’च्या पर्यायांत असते. ती बहुधा कोरीच असते.