नॉर्मन लुईसचा शिष्य

सदाशिव पेठेतल्या कुठल्याही अभ्यासिकेत तो भेटतो. टेबलावर पाण्याची बाटली, शेजारी 'वर्ड पॉवर मेड ईझी'. नॉर्मन लुईसचं हे पुस्तक १९४९ साली अमेरिकेत निघालं. पण त्याची खरी भक्तमंडळी अप्पा बळवंत चौकात रांग लावून असते.

हा मूळचा अकोल्याकडचा. बँक पीओ असो, सीडीएस असो की कॅट, तयारीचा नारळ लुईसवरच फुटतो. पुस्तकात आधी माणसांचे स्वभाव येतात, मग डॉक्टरांचे प्रकार. तेवढ्यात दिवाळी येते. गावाहून परतल्यावर "आधी बेसिक पक्कं करू" म्हणत गाडी पुन्हा स्वभावावर. त्यामुळे याच्या इंग्रजीत वस्ती दोनच जमातींची. रूम पार्टनर इंट्रोव्हर्ट. मेसच्या काकू अल्ट्रुइस्ट, कारण रविवारी शिकरणीची दुसरी वाटी न मागता वाढतात. काका अर्थातच मिसॅन्थ्रोप. कुणाचा गुडघा दुखला की हा ऑर्थोपेडिस्टचं स्पेलिंग सांगतो, पत्ता नाही.

जुन्या पुस्तकांच्या दुकानात या पुस्तकाची कुठलीही प्रत उघडा. डॉक्टरांपर्यंत पेन्सिलीच्या रेघा, चौकटी, चांदण्या, समासात बारीक अक्षरात मराठी अर्थ. पुढची पानं कोरी करकरीत. (पुस्तक विकणाऱ्यालाही हे ठाऊक असतं. 'नव्यासारखं आहे' म्हणताना तो मागूनच पानं चाळून दाखवतो.)

मे २०१७ मध्ये शशी थरूर यांनी ट्वीटमध्ये 'फरागो' हा शब्द टाकला आणि देशभर लोक डिक्शनऱ्या धुंडाळू लागले. हा तर धन्य झाला. दुसऱ्या दिवसापासून मेसची मिक्स व्हेज फरागो झाली. काकूंना वाटलं, भाजी आवडली पोराला.

मध्यंतरी खोलीच्या एजंटनं याचं डिपॉझिट अडकवलं. आज देतो, उद्या देतो, मालक गावाला गेलेत. लबाड माणसांवरही लुईसचं एक अख्खं प्रकरण आहे, पण ते डॉक्टरांच्या बरंच पलीकडे. हा जिन्यात उभा राहून "सर, यू आर अ... यू आर अ..." करत राहिला. एजंट शांतपणे गुटख्याची पुडी फाडत होता. शेवटी याचा बांध फुटला, "कायले बनवून राह्यला बे मले?"

निम्मे पैसे जागेवर निघाले.