डॉल्बी लागण्याआधी इतिहास उरका

बारावीला इतिहास घेतलेल्या कोल्हापूरच्या मुलांनो, अभ्यासाला जूनमध्येच बसा. अकरावीच्या सुट्टीत बसलात तर आणखी बरं. हे मी मार्कांसाठी सांगत नाही. लेखी ८०, प्रकल्प नि तोंडी २०, त्यात काहीतरी पडतंच. मी सांगतोय ते कानांसाठी. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत सुरू होते आणि १९ फेब्रुवारीला, शिवजयंतीला, पेठेत इतिहास सुरू होतो. दोन्ही एकदम झेपत नाहीत.

त्या दिवसांत 'वसाहतवाद आणि मराठे' हा धडा उघडून बघा. पहिल्या परिच्छेदाला खिडकीची तावदानं थरथरतात, दुसऱ्याला मांडणीवरची भांडी. मग वडील चपला घालून खाली जातात.

"जरा आवाज कमी करता का? पोराचा पेपर हाय."

"कशाचा?"

"इतिहासाचा."

"मग काका, आम्ही दुसरं काय करालोय?"

यावर उत्तर नसतं. वडील वर येतात आणि खिडकी लावून घेतात.

१९ तारीख गेली की सुटलो, असंही नाही. तिथीवाले फाल्गुन वद्य तृतीयेसाठी थांबलेले असतात. ती बहुधा मार्चमध्ये येते, आणि परीक्षा अजून चालू असण्याचा धोका असतो. परंपरावाले वैशाखात जयंती करतात. तोवर पेपर संपलेले असतात, म्हणून माझं मत परंपरेला. इतिहासातले मतभेद सोडवायची माझी पद्धत ही अशी आहे. पेठेची पद्धत याहून फारशी वेगळी नाही.

खरं तर हाच प्रश्न पाच मार्कांना घालण्यासारखा आहे. बखरींच्या आधाराने शिवजन्म १६२७ चा, वैशाखातला मानला जाई. मग जेधे शकावली सापडली आणि टिळकांनी ती १९१६ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया अशी नोंद आहे, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. मागाहून लिहिलेली बखर खरी की शकावलीतली नोंद, साधनं कशी तोलायची, सगळं यात आलं. पण आपल्याकडे साधन म्हणजे स्पीकरची भिंत. ज्याची भिंत उंच, त्याची तारीख खरी.

हे दहावीतच शिकवतात. 'आधुनिक इतिहासलेखनाचा जनक' म्हणजे व्हॉल्टेअर, एक मार्क. 'आर्केऑलॉजी ऑफ नॉलेज' फुकोचं, एक मार्क. रांके मूळ कागदपत्रं तपासा असं सांगून गेला, तोही 'अपेक्षित'मध्ये असतोच. तो कोल्हापुरात सांगायला उभा राहिला असता, तर आधी त्याला पेठ विचारली असती.

आणि एवढं इतिहासवेडं गाव! गाडीच्या काचेवर इतिहास, मोबाईलच्या रिंगटोनला इतिहास, स्टेटसला तर रोज. पण घरातल्या पोराने 'बारावीला इतिहास घेतो' म्हणावं, की सुतक पडतं. "दहावीला कमी पडले का हो?" शेजारीण हळूच विचारते. इतिहासासाठी जीव देऊ, पोरगा देणार नाही.

म्हणून लवकर अभ्यास करणाऱ्यांना एक युक्ती सांगतो. ज्याच्या नावाने डॉल्बी लागत नाही, तिथून सुरुवात करा. ३१ जुलै १८५७ ला कोल्हापुरात २७व्या पलटणीने बंड केलं. राजघराण्यातले चिमासाहेब इंग्रजांच्या संशयाला पात्र ठरले, त्यांची रवानगी कराचीला झाली आणि १८६९ मध्ये ते तिथेच वारले. या माणसाचा अभ्यास बारा महिने शांततेत होतो. तसंच टाऊन हॉलचं वस्तुसंग्रहालय. ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४० च्या दशकात उत्खनन झालं आणि ग्रीकांच्या समुद्रदेवाची, पॉसायडनची कांस्यमूर्ती मिळाली. पंचगंगेच्या काठी, समुद्रापासून इतक्या लांब, तो काय करत होता? सातवाहनांच्या काळात रोमशी व्यापार होता, हे त्याचं उत्तर. पॉसायडनला कुठलंही तरुण मंडळ नाही. त्याच्यापुढे बसून निवांत वाचता येतं.

मंडळांच्या अध्यक्षांना मात्र एक विनंती. इतिहासाच्या पेपरच्या आदल्या रात्री दहाला बंद करा. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० पासून हेच सांगतात आणि निवासी भागात रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घालतात. सणासुदीला वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सवलत देता येते. त्या पंधरांत पेपरची आदली रात्र तेवढी धरू नका.