एका टिंबाची किंमत

ग्वाल्हेरच्या किल्ल्यातून गुरू हरगोबिंद सुटले, तेव्हा त्यांच्या अंगरख्याची टोकं धरून 52 राजेही बाहेर पडले, असं शीख परंपरा सांगते. बोनाफाईड लागत नव्हतं, म्हणून जमलं! आज त्याच किल्ल्याखाली अल्पसंख्याक विद्यार्थी केंद्राच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरतो. उत्पन्नाचा दाखला मिळतो, बँक खातं आधारला जोडलं जातं, आणि मग कळतं की आधारवर ‘मोहम्मद’ आहे, गुणपत्रिकेवर नुसतंच ‘मो.’. एवढ्या टिंबावर अर्ज अडतो. इतकी करडी नजर, बरं का! तरी 2023 मध्ये केंद्राने तपासलेल्या, ही शिष्यवृत्ती घेणाऱ्या 1572 संस्थांपैकी 830 बोगस निघाल्या. त्यांची टिंबं जागच्या जागी असणार. संशोधकांची मौलाना आझाद फेलोशिप तर 2022 मध्ये बंदच झाली. तिथे त्रुटी निघायची कटकट मिटली.

आणि ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली आपली मराठी मंडळी? राज्यघटनेच्या 30व्या कलमात भाषिक अल्पसंख्याकही आहेत, केंद्राच्या या शिष्यवृत्तीत मात्र धर्म पाहतात, आणि तेही सहाच: मुस्लिम, ख्रिस्ती, शीख, बौद्ध, जैन, पारशी. तेव्हा जोशी-कुलकर्ण्यांनी उगाच पोर्टल उघडू नये. बाकीच्यांनी अर्जाआधी गुणपत्रिकेवरचं नाव दुरुस्त करून घ्यावं.