लव्हाळेसाहेबांस अनावृत पत्र

राजमान्य राजश्री लव्हाळेसाहेब, वहिवाटदार, आमचे परसू, पुणे, यांचे सेवेसी –

साष्टांग नमस्कार विनंती विशेष. आमच्या घरामागील जो चिमुकला भूखंड सरकारी दफ्तरात आमच्या नावावर आणि प्रत्यक्ष कब्जाने आपल्या नावावर चालत आला आहे, त्याच्या संबंधात हा अर्ज असून, तो इतक्या अदबीने करण्याचे कारण एवढेच की, ज्याच्या मुळ्या आपल्या घराच्या पायरीखाली जाऊन बसल्या आहेत त्याच्याशी चढ्या आवाजात बोलण्यात अर्थ नसतो.

आपला लौकिक आम्ही जाणतो. महापुरातही लव्हाळा टिकतो, असे प्रशस्तिपत्र आपल्या कुळास साक्षात तुकोबांनी दिले. ते विनयाबद्दल होते, पण आपण त्याचा विनियोग मुलखगिरीच्या परवान्यासारखा केलात. पुढे १९७७ साली जगातील उपद्रवी तणांची मोजदाद करणाऱ्या शास्त्रज्ञांनी, ९० हून अधिक देशांत आणि ५२ पिकांत आपला संचार पाहून, आपणांस अग्रपूजेचा मान दिला. आपल्या शेजारची हरळी गणेशचतुर्थीला दूर्वा म्हणून देवघरात जाते, तेव्हा तिच्यावर खुरपे चालविताना हात जरा कचरतो. आणि १९५६ साली याच पुण्यातून ज्याची नोंद झाली ते गाजरगवत खाज आणि शिंका देऊन निदान आपले वैर उघड तरी करते. आपल्यापाशी ना दूर्वेचे पावित्र्य, ना गाजरगवताचा आडदांडपणा. आहे तो केवळ मुत्सद्दीपणा.

तो भूमीवर दिसतच नाही. वर दिसतात ती तकतकीत पाती आणि त्रिधारी देठ. खाली मात्र एका तंतूला एक काळी गाठ, त्या गाठीतून दुसरा तंतू, त्याला पुन्हा गाठ, अशी साखळी गेलेली असते, आणि ती अखंड असेपर्यंत मागच्या बहुतेक गाठींनी निद्रिस्त राहावे असा आपल्या दरबारचा शिरस्ता असून, माळ्याच्या खुरप्याने ती साखळी तुटताच त्या झोपलेल्या सरदारांस एकेका स्वतंत्र सुभ्याची सनद मिळते. म्हणजे आम्ही घाम गाळून जी निंदणी करतो ती वस्तुतः आपल्या राज्याची विभागणी व विस्तार. १९४८ च्या कूळकायद्याचा आत्मा ‘कसेल त्याची जमीन’ हा. पण येथे कसणारे आम्ही आणि जमीन आपली, असा उलटा निवाडा कोणत्या मामलेदाराने दिला, हे कळावे.

आता मुख्य तक्रार. आमच्या कुटुंबास बागेत कलाकुसर करण्याचा मोठा सोस. फुटक्या कपबश्यांच्या नक्षीदार तुकड्यांची त्यांनी पायवाट जडविली. तिच्या प्रत्येक सांधीतून आपण डोके वर काढून नक्षीला हिरवी किनार दिलीत. कौलारू घर पाडले त्याची मंगलोरी कौले उभी पुरून वाफ्यांना महिरप केली. आपण तिच्याखालून गेलात. गळका तांब्याचा बंब चिंचेने घासून त्यात शेवंती लावली, परंतु माती परसातलीच भरल्यामुळे आपले वकील आत आधीच दाखल होते. आणि हळदीकुंकवास आलेल्या एका सुविद्य भगिनींनी शेवंतीकडे दृष्टिक्षेपही न टाकता, ‘हे शोभेचे गवत कोणत्या रोपवाटिकेतून आणले?’ अशी पृच्छा केली. त्यांनी एक रोप मागून नेले. आम्ही ते आनंदाने दिले, हे येथे नमूद करतो.

कोणी म्हणाले, प्लास्टिक अंथरा; आपल्या अणकुचीदार कोंबांनी त्याची चाळणी केली. तेव्हा आता आम्ही शस्त्र टाकून राजकारण आरंभीत आहो. सूर्यावर पोसलेल्या आपल्या वैभवास सावली सोसत नाही, ही खबर आम्हांस पक्की लागली आहे. सबब वैशाखात माती उलथून वरच्या गाठी उन्हात खडखडीत वाळविण्यात येतील, आणि पाऊस पडताच सगळ्या परसात रताळ्याचे वेल असे दाट पसरण्यात येतील की आपल्या दरबारी भर दुपारी दिवे लावावे लागावेत. आपण समूळ जाल, असा भ्रम आम्हांस नाही. पायवाटेच्या सांधी आपणांस इनाम. बंब मात्र खाली करून द्यावा.

बहुत काय लिहिणे, लोभ किंचित कमी असावा, ही विनंती.

ता. क. – दिवाळीच्या उटण्यासाठी आमच्या कुटुंबाने काष्ठौषधींच्या दुकानातून नागरमोथ्याची पुडी रोख पैसे मोजून आणली. उघडून पाहतो तो आपल्याच गाठी, सुकविलेल्या आणि सुवासिक. इतकी वर्षे आमच्या जमिनीत राहून आपण खंडाची एक दमडी भरलेली नाही. तरी चालू सालापासून दर आश्विनात अच्छेर गाठी, माती धुऊन, मागील दारी जमा कराव्यात. मागील बाकीचा हिशेब नंतर पाहू.