मामींचा ऑक्सिजन

श्वास तर आपण जन्मल्यापासून घेतोच, त्यात शिकायचं काय, या हिशेबाने मी तो कोर्स धरला. जून २०२१ मध्ये केंद्र सरकारने कोविडच्या कामासाठी झटपट प्रशिक्षण काढलं होतं. त्यातलं यंत्रं सांभाळायचं काम मला सोपं वाटलं. त्याच साली संसदेने केलेल्या कायद्यात श्वसनतंत्रज्ञ हा रीतसर आरोग्य व्यवसाय ठरला, आणि मी मनातल्या मनात स्वतःलाही त्यात धरून टाकलं. आमचा अंजनगाव सुर्जीला पानपिंपरीचा मळा. आबाजी म्हणाले, "खोकल्या-दम्याची पिंपरी आपण पिकवतो, अन् हा पोट्टा श्वास शिकाले अमरावतीले चालला!"

वर्गात हातात तीन गोळ्यांचं स्पायरोमीटर आलं. ६००, ९००, १२००. मी छाती भरून फुंकलं. गोळ्या ढिम्म, नळीत लाळ. फुंकायचं नसतं, हवा ओढायची असते. ओढली तर दोन गोळ्या कशाबशा चढल्या. शेजारची बारकीशी पोरगी तिन्ही गोळ्या वर धरून माझ्याकडे दयेने पाहत होती.

मग श्वास मोजणं. मोजतोय हे रोग्याला कळू द्यायचं नाही, कळलं की त्याची लय बिघडते. म्हणून मनगट धरून नाडी पाहतोय असं दाखवायचं आणि नजर छातीवर ठेवायची. सराव आबाजींवर. मिनिटाला १२ ते २० हवेत. आकडा जमतोय तोच आबाजी बोलले, "काय निंगालं रे? पित्त?" पुन्हा पहिल्यापासून.

एवढी विद्या घेऊन मी चुलतबहिणीच्या लग्नाला गेलो. खिशात ऑक्सिमीटर, गळ्यात ओळखपत्र. (ओळखपत्र लग्नात कशाला, हे आईने विचारलं होतं.) वऱ्हाडी मंडळी बोटं पुढे करू लागली. ९७, ९८. अकोटच्या मामींनी बोट घातलं आणि यंत्रावर ८४!

पुढचं मी फार वेगाने केलं. ९४ च्या खाली काय करायचं ते पाठ होतं. सतरंजी ओढली, मामींना शालूसकट पालथं झोपवलं, छातीखाली नवरीकडची उशी सरकवली, आणि आचाऱ्यापासून भटजीपर्यंत सगळ्यांना "हवा सोडा, हवा सोडा" म्हणून मागे रेटलं. मामांनी गाडी काढली. एक आत्या रडायलाही लागल्या. व्हिडिओवाल्याने हे सगळं मन लावून टिपलं.

गर्दीतून नवरीची मैत्रीण पुढे आली, मामींचं बोट पाहिलं आणि पर्समधून रिमूव्हरची बाटली काढली. मामींच्या नखांवर गडद जांभळं नेलपॉलिश होतं. त्याने आकडा चुकतो, आधी नख पुसायचं, हे माझ्याच वहीत माझ्याच अक्षरात दोन रेघा मारून लिहिलेलं आहे.

नख पुसलं. ९८.

मामी सतरंजीवरूनच म्हणाल्या, "पोटात तीन लाडू हायेत रे बाबू. सरळ करतं का आता?"