आप्पांचं माकड

"वहिनी, ऐकलंत का? वरच्या वाडीतल्या आप्पांच्या काजूत माकड मेलं होतं. आप्पांनी काय करावं? मारुतीचा अवतार म्हणून फूल वाहिलं, नारळ फोडला नि गुपचूप पुरून मोकळे!"

"मग बिघडलं काय? आमचे मामंजीही पुरायचे."

"तेव्हा माकडताप कुठे होता इकडे? 1957 साली शिमोग्याकडे क्यासनूरच्या रानात सापडला तो. आपल्या दोडामार्गात आला 2016 मध्ये, पुढच्या साली बांद्याकडे. ऐन काजूच्या दिवसांत माणसं तापाने फणफणली होती, काही तर गेलीच. विसरलात?"

"माकडाला शिवलं की होतो ना तो?"

"गोचीड चावून होतो हो. माकड गार पडलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी उतरतात नि पातेऱ्यात पसरतात. त्यांची पिल्लं इतकी बारीक, की बी उचलायला वाकलात नि पोटरीवर चढली तरी कळायचं नाही. म्हणून तर मेलं माकड दिसलं की हात न लावता कळवा म्हणतात. मग माणसं येऊन भोवती 50 फुटांपर्यंत औषधाची पावडर मारतात."

"आप्पांना ठाऊक नसेल."

"नसेल कसं! माकडतापाच्या मीटिंगला पुढच्या खुर्चीवर होते. पण कळवलं की बागेत फिरकू नका म्हणणार, नि बी तोवर झाडाखाली पडून. उचलायला टपलेले काय कमी आहेत? त्यांचंही अगदीच चुकलं नाही म्हणा. पण गावची गुरं त्याच वाटेने रानात जातात, त्याचं काय?"

"तुम्ही मला सांगत बसलात, आशाताईला सांगितलंत का?"

"आधी तिलाच! आप्पा आता माझ्याशी बोलत नाहीत. म्हणतात, बाई लावालाव्या करते. करते तर करते! ह्या कामात गावाला तोंडाळ माणूसच हवा."

"अगं बाई, आमच्या ह्यांनी परवाच तिथून गोठ्यात घालायला पातेरा आणलाय!"

"झालं! तेही आशाताईला सांगा, उगाच तो पातेरा हातांनी उपसू नका. रानात जाताना ते गोचिडी दूर ठेवायचं तेल फासा, वास सोसायचा. घरी आलात की गरम पाण्याने आंघोळ, कपडे उकळत्या पाण्यात. आणि ताप आला, डोकं ठणकलं, तर घरची गोळी घेऊन पडून राहू नका. सरळ सरकारी दवाखाना गाठा, रानात गेला होतात हे सांगा नि रक्त तपासून घ्या."