पूर्वज पाहिजेत, दाखल्यांसह

अमेरिकेत खानदानी ठरायचं तर पूर्वज १६२० साली 'मेफ्लॉवर' जहाजावरून उतरलेला असावा लागतो. जहाजावर १०२ प्रवासी होते. त्यांतले जवळपास निम्मे पहिल्याच हिवाळ्यात गेले. उरलेल्यांनी वंशविस्ताराचं काम असं मनावर घेतलं, की आज वंशजांचा अंदाज कोटींत करतात. एवढ्या गर्दीत खानदानी राहायचं कसं? त्यासाठी १८९७ साली वंशजांची संस्था निघाली. दर पिढीचे जन्माचे, लग्नाचे, मृत्यूचे दाखले जोडा आणि सभासद व्हा. जातपडताळणीसाठी पणजोबांचा शाळेतला दाखला शोधत फिरलेल्या आपल्या वाचकांना ही मंडळी अगदी घरची वाटतील.

पूर्वजानं काय दिवे लावले, हे कुणी विचारत नाही. जॉन हाउलँड हा नोकर म्हणून आलेला; वादळात समुद्रात पडला, दोर हाती लागला म्हणून वाचला. त्याच दोराला धरून पुढे बुश पितापुत्र राष्ट्राध्यक्षपदापर्यंत पोचले. जॉन बिलिंग्टनला १६३० साली खुनाबद्दल फाशी झाली. राष्ट्राध्यक्ष गारफील्ड त्याच्या वंशातले. फासावर गेलेला मूळपुरुष चारशे वर्षं मुरला की मिरवता येतो. गेल्या वर्षी तुरुंगातून सुटलेला मामा मात्र लग्नपत्रिकेत चालत नाही.

गंमत म्हणजे या मूळपुरुषांचेच कागद चुकीचे होते. परवाना होता व्हर्जिनिया कंपनीच्या हद्दीतला, आणि पोचले त्याबाहेर, केप कॉडला. आजच्या भाषेत सगळं जहाज विनापरवाना. उतरल्यावर त्यांनी स्थानिकांनी पुरून ठेवलेला मका उकरून नेला. भरपाई पुढे केली, हेही नोंदवायला हवं.

पण खरी करामत व्हर्जिनियाची. तिथल्या बड्या गोऱ्या घराण्यांना पोकाहोंटास या मूळनिवासी, म्हणजे तिथल्या भाषेत 'इंडियन', राजकन्येचा फार अभिमान. १६१४ साली तिनं तंबाखू पिकवणाऱ्या इंग्रज जॉन रॉल्फशी लग्न केलं, एक मुलगा झाला, आणि त्याच्यापासून हा सगळा वेल पसरला. १९२४ साली राज्यानं वंशशुद्धीचा कायदा केला: दुसऱ्या रक्ताचा लवलेशही नसेल तोच गोरा. आता आली का पंचाईत! लवलेश शोधायला बसलं तर बडी घराणीच रातोरात यादीबाहेर. मग पोटकलम घातलं: इंडियन रक्त सोळाव्या हिश्शापर्यंत असेल तर माणूस गोराच समजावा. पणजी राजकन्या राहिली आणि पणतू गोरे राहिले.

खुद्द इंडियनांना ही सोय नव्हती. राज्याचे जन्ममृत्यू निबंधक वॉल्टर प्लेकर १९४६पर्यंत खुर्चीत होते. दाखल्यांवरचं 'इंडियन' काढून तिथे 'कृष्णवर्णीय' लावण्याचा त्यांनी सपाटा चालवला. पोकाहोंटासच्या वडिलांच्या राज्यातली पामंकी जमात केंद्र सरकारकडे मान्यता मागायला गेली, तेव्हा तिच्याकडेही पिढ्यान्‌पिढ्यांचे पुरावे मागितले गेले.

पामंकींना मान्यतेचा निकाल २०१५ साली मिळाला. पोकाहोंटासच्या गोऱ्या पणतूंचं काम १९२४ सालीच झालं होतं.